रिकामी पट्टी आणि सांधेदुखीची गोळी

"सर, ही आजीची गुडघ्याची गोळी. रोज घेतली तर चालते का?" असे म्हणून एखादा विद्यार्थी गोळ्यांची रिकामी पट्टी पुढे करतो. मी डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्राचा अध्यापक. कोणी किती गोळ्या घ्याव्यात हे ठरविणे माझे काम नाही. परंतु गोळी पोटात गेल्यावर काय करते हे सांगणे माझ्या विषयात बसते. आणि ते एकदा कळले, म्हणजे कोणती काळजी कशासाठी घ्यावयाची हे निराळे पाठ करावे लागत नाही. शिवाय आपल्या भागात दुकानात जाऊन "गुडघेदुखीची गोळी द्या" किंवा "मोणकाल नोविन गुळिगी कोडरी" असे म्हणणारा बहुधा कॉलेजात जाणारा नातूच असतो. म्हणून हा लेख आजीसाठी नसून नातवासाठी आहे.

या गोळ्यांचे मूळ पुरुष म्हणजे ॲस्पिरिन. ते १८९९ साली बाजारात आले, पण ते दुखणे कसे थांबविते हे पुढे सत्तर वर्षे कोणास नीट ठाऊक नव्हते. १९७१ साली लंडनमध्ये जॉन वेन यांनी दाखवून दिले, की ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. या क्षेत्रातील कार्याबद्दल १९८२ साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. सांध्यात दाह झाला, की तेथे प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. सूज येते, ठणका लागतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन ही सारी त्याच कुळातील. ती निर्मिती थांबवितात, म्हणून ठणका थांबतो.

एवढेच असते तर लेख येथेच संपला असता. अडचण अशी, की प्रोस्टाग्लँडिने केवळ उपद्रव करण्यासाठी निर्माण झालेली नाहीत. जठराच्या आतील अस्तरावर जो बुळबुळीत संरक्षक थर असतो, तो त्यांच्यामुळे टिकतो. शरीरातले पाणी कमी झाले, की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद ठेवण्याचे कामही तीच करतात. गोळीस मात्र गुडघा कोणता आणि जठर कोणते हे समजत नाही. ती रक्तात मिसळून सर्वत्र जाते आणि सगळीकडचे कारखाने एकदमच बंद करते.

यावरून एक लोकप्रिय समजूत दुरुस्त करावी लागते. "जेवून घेतली, म्हणजे पोटाला काही होत नाही" असे घरोघरी म्हणतात. जेवणानंतर गोळी घ्यावी हे खरे. मळमळ, जळजळ कमी होते. पण जठराचा संरक्षक थर रक्तातून पोहोचलेल्या औषधाने दुबळा होतो. म्हणूनच हेच औषध इंजेक्शनाने दंडात टोचले, तरी जठरात व्रण होऊ शकतो. वयस्कर मनुष्यास किंवा पूर्वी अल्सर झालेल्यास डॉक्टर सोबत आम्ल कमी करणारी गोळी देतात, ती याकरिता. ही गोळी बहुधा सकाळी जेवणापूर्वी घ्यावयाची असते. पैसे वाचविण्यासाठी नेमकी तीच वगळणारे लोक मी पाहिले आहेत.

माझ्या नात्यातील एक आत्याबाई खेड्यात राहात. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना आठ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. आराम पडला, म्हणून त्याच पट्टीवर त्यांनी सात-आठ महिने काढले. हृदयासाठी म्हणून रोजचे लहान ॲस्पिरिन चालूच होते. म्हणजे एकाच कुळातील दोन औषधे एकाच पोटात. पुढे त्यांना थकवा येऊ लागला, जिना चढताना धाप लागू लागली. वयोमान म्हणून सर्वांनी दुर्लक्ष केले. शौचास डांबरासारखे काळे होते, हे त्यांनी संकोचाने कोणास सांगितले नाही. अखेर चक्कर येऊन पडल्या, तेव्हा पोटात व्रण होऊन रक्त झिरपत असल्याचे निदान झाले. रक्त द्यावे लागले. त्या बऱ्या झाल्या, पण काळे शौच ही गोष्ट घरात आधी कोणी विचारली असती, तर इतके झाले नसते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते हे खरे. तरी अशा वेळी कारण डॉक्टरांनीच ठरवावे, आणि त्याच दिवशी. पोटात जोराची कळ किंवा रक्ताची उलटी झाल्यास तर थेट दवाखाना.

आता पट्टीकडे वळू. तिच्यावर लाल उभी रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकावयाचे नाही. दुकानदार ते देतो ही गोष्ट वेगळी. मोठ्या अक्षरांतले कंपनीचे नाव सोडून खालची बारीक अक्षरे वाचावीत. दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत एकच डायक्लोफेनॅक असू शकते. एक कंबरेसाठी, एक गुडघ्यासाठी म्हणून दोन्ही घेतल्या, तर मात्रा दुप्पट होते. मोठ्या माणसास दिवसाकाठी १५० मिलिग्रॅम ही डायक्लोफेनॅकची कमाल मर्यादा मानली जाते, आणि तीही प्रत्येकास योग्य असे नाही. जितकी कमी मात्रा आणि जितके थोडे दिवस, तितके बरे. पुष्कळ गोळ्यांत जोडीला पॅरासिटामॉल असते. वर तापासाठी आणखी पॅरासिटामॉल घेतल्यास यकृतावर भार पडतो. सावकाश विरघळणारी गोळी कुटून किंवा चावून घेऊ नये.

मूत्रपिंडाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तेथे दुखत नाही, म्हणून कळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढविणारी गोळी आणि ही दाहशामक गोळी, असे तिघे एकत्र आले, की मूत्रपिंड संकटात सापडते. जुलाब-उलट्या झाल्या असता, अथवा निर्जळ उपवासात, ही गोळी घेणे धोक्याचे. आषाढी वारीत दिवसभर चालावयाचे, घाम गाळावयाचा, पाणी बेताचे प्यावयाचे आणि पाय दुखतात म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळी. आपल्या भागातून पंढरपूरला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे सांगणे आवश्यक आहे. विषयांतर होईल, पण गिधाडांची गोष्ट येथे आठवते. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००४ साली हे कारण उघडकीस आले व २००६ साली गुरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, एवढाच दिलासा.

हृदयविकार, पक्षाघात किंवा हृदयाची दुर्बलता असलेल्यांनी डायक्लोफेनॅक घेऊ नये. पोटास सौम्य म्हणून गाजलेले रोफेकॉक्सिब हे याच कुळातील औषध हृदयविकाराचा धोका वाढविते असे दिसून आल्यावर २००४ साली बाजारातून काढून घेण्यात आले. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, दमेकरी आणि गरोदर स्त्रिया यांनीही विचारल्याशिवाय गोळीस हात लावू नये. पावसाळ्यात तर आणखी एक सावधगिरी. २००६ साली कर्नाटकात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हापासून ताप आणि सांधेदुखी म्हटले, की लोक चिकुनगुनिया समजून दाहशामक गोळी घेतात. ताप डेंग्यूचा असेल, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत साधे पॅरासिटामॉलच योग्य.

या गोळ्या रोग बरा करीत नाहीत. आमवातात सांधे वाकडे होऊ नयेत म्हणून मेथोट्रेक्सेटसारखी निराळी औषधे लागतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोज घेतल्यास जिवावर बेतते. वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यास मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन उतरविणे हेच खरे साह्य. एकदोन सांधेच दुखत असतील, तर डायक्लोफेनॅकचा मलम डॉक्टरांना विचारून पाहावा. त्यातले औषध रक्तात फारच थोडे जाते. मलम चोळल्यावर वर शेक घेऊ नये, जखमेवर लावू नये, आणि हात धुतल्याखेरीज डोळे चोळू नयेत.