दहा कुमारींचा दृष्टांत
दहा कुमारींचा दृष्टांत हा येशू ख्रिस्ताने सांगितलेला दृष्टांत असून तो नव्या करारातील मत्तयकृत शुभवर्तमानात (अध्याय 25, वचने 1 ते 13) आढळतो. ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी सदैव सिद्ध राहावे, या ख्रिस्ती शिकवणीचा तो एक प्रमुख आधार मानला जातो.

वराला सामोऱ्या जाण्यासाठी दहा कुमारी दिवे घेऊन निघतात. पाच शहाण्या कुमारी जास्तीचे तेल बरोबर घेतात. पाच मूर्ख घेत नाहीत. वराला उशीर होतो आणि सर्वांनाच झोप लागते. मध्यरात्री वर आल्याची हाक येते, तेव्हा मूर्ख कुमारींचे दिवे विझू लागलेले असतात. शहाण्या कुमारी तेल देण्यास नकार देतात. मूर्ख ते विकत आणेपर्यंत लग्नघराचे दार बंद होते.

दृष्टांताच्या अखेरीस जागृत राहण्याची आज्ञा आहे. परंतु शहाण्या कुमारीही झोपल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांना दोष दिलेला नाही. विलंब होऊ शकेल हे जाणून केलेली तरतूद, हीच त्यांची सिद्धता होय. ही तरतूद, म्हणजेच तेल, कशाचे प्रतीक आहे याविषयी मात्र एकमत नाही. जॉन क्रिसोस्तोम यांनी ते दानधर्म मानले, ऑगस्टीन यांनी प्रीती, तर मार्टिन लूथर यांनी विश्वास.

मध्ययुगीन युरोपात या कथेवर नाटके होत. जर्मनीतील आयझेनाख येथे 1320च्या दशकाच्या आरंभी असे नाटक पाहताना थुरिंगियाचा शासक फ्रेडरिक पहिला अत्यंत व्यथित झाला, कारण त्यात मरीयेने मध्यस्थी करूनही मूर्ख कुमारींना क्षमा मिळत नाही. त्यानंतर लवकरच त्याला पक्षाघात झाला, असे इतिवृत्तात नमूद आहे.