मान खाली, नजर समोर

"खाली काय बघू? हरीण तर तिकडं हाय."

रेहेकुरीजवळच्या पडीक माळावर मेंढ्या चारता चारता माझ्यापाशी थांबलेल्या एका बाबांनी हे विचारलं. मी मांडी घालून बसलो होतो. समोर बुटका ट्रायपॉड आणि त्यावर स्कोप. नळी दूरच्या बाभळींकडे रोखलेली, पण डोळा लावायची काच तिरकी, आभाळाकडे वळलेली.

"बाबा, वरनंच बघा. एक डोळा मिटा," मी म्हणालो.

ते काठीवर भार टाकून वाकले. आधी काहीच दिसेना. मग चेहरा जरा मागेपुढे केला आणि एकदम गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आरं, डोळ्याभवतालचं पांढरंबी दिसतंय की!"

ते काळवीट आमच्यापासून अर्धा किलोमीटर तरी लांब होतं. मान खाली घालावी आणि समोरचं जनावर दिसावं, हे कसं? बाबांचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तो मलाही अजून सुटल्यासारखा वाटत नाही. म्हणजे उत्तर माहीत आहे, पण त्यातलं नवल काही केल्या संपत नाही.

साधी दुर्बीण आठ-दहा पट मोठं दाखवते. स्पॉटिंग स्कोप वीस ते साठ पट. तो दोन घाटांत मिळतो. एक सरळ, बंदुकीच्या नळीसारखा. दुसऱ्याची मागची काच बहुधा ४५ अंशांत वर वळलेली. हे मुळात शिकाऱ्याच्याही हातातलं साधन. डोंगराळ मुलखातला शिकारी समोरच्या उतारावरचं जनावर केवढं आहे, त्याची शिंगं कशी आहेत, हे तासभराची चढण चढण्याआधी स्कोपमधून पाहून घेतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. त्यामुळे रेहेकुरीच्या माळावर स्कोप लागतो तो नुसतं बघायला. पण शिकाऱ्याची आणि आपली अडचण एकच: जनावराला आपला पत्ता लागता कामा नये.

आणि इथं ते फार कठीण आहे. रेहेकुरीचं अभयारण्य १९८०मध्ये झालं. क्षेत्रफळ अवघं २.१७ चौरस किलोमीटर. काळविटांना त्याची हद्द कुठली ठाऊक! ती आजूबाजूच्या पडकात, ज्वारीच्या रानात फिरतात. मुलूख सपाट, आडोसा म्हणावा तर एखादी बोर नाहीतर हिवर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं काळविटाला मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं. उभा माणूस तर माळावर खांबासारखा उठून दिसतो.

जुन्या लोकांनी यावर काढलेले तोडगे पाहिले की त्यांच्या निरीक्षणाला दाद द्यावीशी वाटते. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून हरणांपर्यंत पोचत. कोल्हापूरच्या संस्थानी शिकारीत चित्त्याला बैलगाडीतून माळावर नेत, कारण बैलगाडी रोजचीच, तिला काळवीट बुजत नसे. आपल्यापाशी ना गाय, ना गाडी. आपल्याला एकच करता येतं. बसायचं, आणि होता होईल तेवढं बुटकं व्हायचं.

इथंच मला वाकडा स्कोप आवडतो. सरळ स्कोप लावला तर नळी डोळ्यांच्या उंचीला आणावी लागते, ट्रायपॉड उंच करावा लागतो, आणि माळावरचा भणाण वारा त्याला हलवत राहतो. चाळीस पट मोठं दिसतं तेव्हा थरथरही चाळीस पट होते. वाकड्याचे पाय आखूड ठेवता येतात. मांडी घालायची आणि मान अशी लववायची की पुढ्यात पोथी आहे. या बैठकीत आपल्याकडची माणसं तासन्‌तास बसत आली आहेत, तिची मानेला सवय आहे.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. समोरच्या मोठ्या भिंगातून आलेलं चित्र आत उलटं पडतं. वरचं खाली आणि डावं उजवीकडे. ते सुलटं करायला लोलक लागतात. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यानं १८५४मध्ये अशा लोलकांच्या रचनेचं पेटंट घेतलं, आणि आजही कित्येक दुर्बिणींत ती आहे. म्हणजे सरळ दिसणाऱ्या स्कोपच्या पोटातसुद्धा प्रकाश सरळ जात नाही! तो वळणं घेत घेत फिरतो आणि शेवटी मूळ दिशेनं बाहेर पडतो. वाकड्या स्कोपात त्याला फक्त वेगळ्या दारानं बाहेर काढलेलं असतं. काही स्कोपांत तर काचेचा एकच ठोकळा चित्र सुलटंही करतो आणि ४५ अंशांत वळवतोही. त्याचे दोन पृष्ठभाग घराच्या छपरासारखे काटकोनात भेटतात. तो काटकोन काही विकलांइतका जरी चुकला तरी एकाची दोन काळविटं दिसू लागतात. एका अंशात ३,६०० विकला असतात, यावरून तो ठोकळा घासणाऱ्याच्या हाताची कल्पना करावी.

याहून मोठं नवल पुढं आहे. त्या काचेच्या ज्या पृष्ठभागांवर प्रकाश पुरेसा तिरका पडतो, तिथं पारा लागत नाही की चांदी. साध्या भिंगाच्या काचेत प्रकाश पृष्ठभागाशी काढलेल्या लंबापासून सुमारे ४१ अंशांहून जास्त कलून आला, तर तो हवेत बाहेर पडूच शकत नाही, सगळाच्या सगळा आत परततो. नितळ, पारदर्शक काच त्या क्षणी घरातल्या आरशाहून चोख आरसा होते.

आणि हाच नियम त्या माळावरही आहे. दुपारी जमीन तापते, तिला लागून असलेली हवा विरळ होते. आभाळाकडून तिरपा खाली येणारा प्रकाश दाट हवेतून त्या विरळ थरांत शिरता शिरता वळतो आणि पुन्हा वर उठतो. आपल्याला जमिनीवर आभाळाचा तुकडा दिसतो, म्हणजे पाणी. त्याला आपण मृगजळ म्हणतो. दाटातून विरळाकडे निघालेला तिरका प्रकाश माघारी फिरतो, हे लोलकातही आणि माळावरही. काचेत एका फटक्यात, हवेत हळूहळू. हरणाच्या नावाचं पाणी आणि हरीण दाखवणारी काच एकाच नियमानं चालतात, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी स्कोपवरून डोळा काढून नुसता माळाकडे बघत बसलो होतो.

वाकडा स्कोप सगळीकडे चांगला, असं मात्र नाही. जीपच्या खिडकीतून बघायचं असेल तर सरळच घ्यावा, वाकड्याला मान घालायला जागा मिळत नाही. मनोऱ्यावरून खाली बघायचं असेल तरीही सरळ सोयीचा. शिवाय जनावर सापडायला सरळ फार बरा, नळीच्या रोखानं नजर गेली की झालं. साठ पटीवर साधारण एक अंशाचाच तुकडा दिसतो, म्हणजे किलोमीटरभर अंतरावर जेमतेम सतरा मीटर रुंदीचा. मान खाली घालून एवढा तुकडा हुडकताना नवखा माणूस रडकुंडीला येतो. त्यावर सोपा उपाय आहे. नळीवर प्लास्टिकचा केबल टाय आवळायचा आणि त्याचं उभं राहिलेलं टोक बंदुकीच्या माशीसारखं वापरायचं. आधी वीस पटीवर शोधायचं, मग वाढवायचं. उलट भिगवणला उजनीच्या काठावर पट्टकादंब पक्षी बघायला घरची सगळी आली, की वाकडाच हवा. उंच मामा वाकतो, भाची टाचा उंचावते, आणि ट्रायपॉड कुणासाठी हलवावा लागत नाही.

त्या दिवशी बाबांनी पुन्हा डोळा लावला. काळवीट एका काटेरी फांदीपाशी आलं होतं. डोळ्याखालची ग्रंथीची चीर त्यानं उघडली आणि फांदीचं टोक तिच्यात हलकेच टेकवलं. आपल्या इलाख्याची खूण. मग नाक वर, पिळदार शिंगं पाठीवर टेकलेली, कान पाडलेले, असं ते चालू लागलं.

अकराच्या सुमारास हवा थरथरू लागली. साठ पटीवर त्याचे पाय विरघळले, काळं-पांढरं धड तेवढं पाण्यावर तरंगत राहिलं. पट वाढवली की ही थरथरही वाढते, म्हणून मी वीसवर आलो.

बाबा उठले. मेंढ्या पुढं निघाल्या त्या नेमक्या त्याच बाजूला. मी बसल्या जागेवरून हललो नाही. कळप काळविटाच्या अगदी शेजारून सरकत गेला, पाठोपाठ काठी खांद्यावर टाकलेले बाबाही गेले, आणि त्यानं चरता चरता मान वर केली नाही.