समेवर न येणारा ताल

१५ जानेवारी १९४१ची संध्याकाळ. जर्मनीतल्या गॉर्लिट्झजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत, एका बराकीत काही शे कैदी आणि त्यांचे पहारेकरी जमले होते. पुढे वाजवणारे चौघेही कैदीच होते. पियानोवर होता बत्तीस वर्षांचा ऑलिव्हिए मेसियाँ, पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा ऑर्गनवादक. आदल्या वर्षी तो जर्मनांच्या हाती सापडला होता. क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे कैदी तिथे होते, म्हणून त्याने त्या वाद्यांसाठी लिहिले. रचनेचे नाव ‘काळाच्या अंतासाठी क्वार्टेट’.

ही रचना मी प्रथम ऐकली तेव्हा सवयीप्रमाणे हात मांडीवर ताल धरू लागला. पहिल्या भागात क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्ष्यांसारखे बोलतात आणि पियानो त्यांच्याखाली शांतपणे चालत राहतो. मी सम शोधत राहिलो. ती सापडली नाही. पुढे या रचनेचे विश्लेषण वाचताना पियानोच्या लयीत तीन नावे भेटली आणि मी थबकलो: रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश.

हे तिन्ही देशी ताल शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या पदरी, हिशेबखात्याचा प्रमुख होता. ग्रंथाच्या तालाध्यायात त्याने १२० देशी ताल नोंदवले. ती यादी फ्रेंचमध्ये गेली ती ज्युआनी ग्रोसे या अभ्यासकाच्या भारतीय संगीतावरील लेखातून. लाव्हिन्याक यांनी सुरू केलेल्या संगीतकोशात तो छापला गेला आणि मेसियाँला हे ताल तिथे सापडले. म्हणजे त्याने ते ऐकले नव्हते, वाचले होते. देवगिरीहून पॅरिसला ताल पोचले ते लघु, गुरू, प्लुत यांच्या खुणा होऊन. ठेका, बोल, हातावरची टाळी-खाली, सगळे मागेच राहिले.

त्या खुणांत त्याला काय दिसले, हे ‘ढेंकी’ तालावरून कळते. त्याचे रूप गुरू, लघु, गुरू. वृत्ते शिकलेल्यांचा र-गण. उलटा वाचला तरी तोच. अशा लयींना मेसियाँ ‘न उलटणाऱ्या’ लयी म्हणे. पुढून आणि मागून सारख्या असलेल्या लयीत त्याला काळाची दिशाच पुसली गेल्यासारखी वाटे.

क्वार्टेटच्या पहिल्या भागात पियानोची लय या तीन तालांना जोडून बनली आहे. तिच्यात १७ कालमूल्ये आहेत. त्यावर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, माळ आहे २९ची. दोन्ही फिरत राहतात. १७ आणि २९ या मूळ संख्या. त्यामुळे लय पुन्हा सुरू होते तेव्हा माळ भलत्याच कॉर्डवर असते. दोघींचा आरंभ पुन्हा जुळायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ कॉर्ड वाजायला हवेत. हा भाग जेमतेम तीन मिनिटांचा. त्याच्या कितीतरी आधी तो संपतो.

आपल्याला हे गणित परके नाही. तिहाई बांधणारा तबलजी हेच करतो. तीनदा म्हटलेला तुकडा आवर्तनाच्या कडेवरून घसरत घसरत नेमका समेवर पडेल, असा हिशेब तो मांडतो, आणि सम आली की सभागृहाची मान डोलते. मेसियाँने तोच हिशेब उलटा मांडला. भेट व्हायची आहे, पण ऐकणाऱ्याच्या आवाक्यात नाही.

पुस्तकातून उचललेल्या तालांना ‘ताल’ म्हणावे का, हा प्रश्न मला बराच काळ टोचत होता. आवर्तन आणि सम नसेल, तर उरते ती नुसती मापे. हे खरेच आहे. पण त्या १२० तालांपैकी बहुतेक आज आपल्या मैफिलींतही ऐकू येत नाहीत. आपल्याकडेही ते ग्रंथातच आहेत. दुसरे असे, की सम म्हणजे परतण्याची खात्री. छावणीतल्या माणसाला घर कधी दिसेल याचा हिशेब कुणाकडे होता? मेसियाँ श्रद्धाळू कॅथलिक होता. बायबलमधल्या ज्या देवदूताच्या गौरवार्थ त्याने ही रचना लिहिली, तो यापुढे काळच उरणार नाही असे घोषित करतो. मात्रा मोजत बसण्यातून सुटका, हा त्याच्यासाठी मोक्षाचाच भाग होता.

आता तो भाग ऐकताना मी हात मांडीवर ठेवतो, पण मोजत नाही.