कुलूप उघडण्याचा हक्क

1975 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये चोर आला, आणि तेव्हापासून बाकीच्यांना दबक्या पावलांनी चालता येईनासे झाले.

नियमात तसे कुठे लिहिलेले नव्हते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून तीन पातळ पुस्तिकांच्या रूपात बाहेर पडला होता. टेबलाभोवती चार-सहा भिडू बसतात, प्रत्येक जण एका पात्राचे सोंग घेतो, सूत्रधार प्रसंग सांगतो आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासा पडतो. पात्रांचे प्रकार तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. कौशल्यांची यादी नव्हती. राक्षसाच्या गुहेतून गुपचूप सरकायचे असेल तर भिडू सांगे, ‘मी बूट काढून हातात घेतो, भिंतीच्या कडेकडेने जातो.’ सूत्रधार क्षणभर विचार करी आणि काय घडले ते सांगे.

मग ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी निघाली. तिच्यातल्या चोराच्या नावापुढे टक्केवारी छापलेली होती: कुलूप उघडणे, आवाज न करता चालणे, सावलीत लपणे. टेबलावरच्या लोकांनी त्यातून स्वाभाविक अर्थ काढला. चोराला हे येते असे छापले आहे, म्हणजे इतरांना ते येत नाही. बूट काढून हातात घेणाऱ्या लढवय्याचा हक्क एका तक्त्याने काढून घेतला.

आणि ज्याला हक्क दिला त्याच्या पदरात तरी काय पडले? 1978 च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीतला तक्ता पाहा. पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नवख्या, मानवी चोराला भिंत चढणे 85 टक्के जमते, कुलूप उघडणे 25, निःशब्द चालणे 15 आणि सावलीत लपणे 10. पहारेकऱ्याच्या समोरून न दिसता आणि न ऐकू येता जायचे असेल तर शेवटची दोन्ही दाने अनुकूल पडायला हवीत. पंधराचे दहा टक्के म्हणजे दीड टक्का. शंभर रात्री चोरी केली तर एखाद-दोन रात्री साधेल. ज्याचे सोंगच चोराचे आहे, त्याच्यासाठी हा आकडा क्रूर आहे. लपणे आणि चालणे ही दोन कौशल्ये मुळात एकाच कृतीचे दोन तुकडे होते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने ते एकत्र जोडायला 2008 उजाडले.

कौशल्यांचा समतोल म्हटला की नवा रचनाकार बेरीज-वजाबाकीला बसतो: प्रत्येकाला सारखे गुण, सारखी कौशल्ये. माझ्या मते खरा प्रश्न तिथे नाही. यादीत एक शब्द वाढवला की कोणाच्या हातून काय निसटते आणि डाव चालू असताना कोण नुसता बघत बसतो, हे आधी तपासायला हवे. लहानपणी आपण फार धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचो, पण त्याच्यावर राज्य यायचे नाही. तो कच्चा लिंबू. चुकीच्या कौशल्य-रचनेत मोठी माणसे तासन्‌तास कच्चा लिंबू होऊन बसतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 2000 साली आलेली तिसरी आवृत्ती. पातळी वाढेल तसे कौशल्यगुण मिळायचे. चोराला पातळीमागे आठ, लढवय्याला दोन, आणि बुद्धीप्रमाणे त्यात कमी-जास्त. दहाव्या पातळीवर निःशब्द चालण्यात मुभा असेल तेवढे गुण ओतलेल्या चोराचे गणित करू. तेरा गुणांचे आणि चपळाईचे चार, म्हणजे दानात सतरा मिळवायचे. शेजारी पोलादी चिलखतातला लढवय्या: चपळाईचा एक, चिलखताचे उणे सहा, म्हणजे उणे पाच. दोघांत अंतर बावीसचे आणि फाशाला बाजू वीस. सूत्रधाराने तेवीसचे आव्हान ठेवले, म्हणजे एकूण बेरीज निदान तेवीस हवी असली, तर चोर चारपैकी तीन वेळा पार होतो आणि लढवय्याला विसाचे दान पडूनही जमत नाही. चोराला अवघड वाटेल असे काही ठेवावे तर ते लढवय्याला अशक्य, लढवय्याला शक्य ठेवावे तर चोराला फासा उचलायचीही गरज नाही. सूत्रधाराने कितीही मनापासून प्रसंग रचला तरी या दोघांना एकाच अंगणात आणता येत नाही.

2014 च्या पाचव्या आवृत्तीने हे अंतर मुळातूनच आवळले. यादी अठरा कौशल्यांवर आली. जे कौशल्य येते त्यासाठी पहिल्या पातळीला दोन मिळतात आणि विसाव्या पातळीला सहा. मला हा बदल आवडतो, पण त्याची किंमतही आहे. हयात कुलपे उघडण्यात घालवलेला म्हातारा आणि काल शिकलेला पोरगा यांच्या या मूळ गुणांत चारचाच फरक राहतो, आणि वीस बाजूंचा फासा तो फरक सहज गिळतो.

गट एकत्र काही करू लागला की हिशेब आणखी फिरतो. पाच जण लपत चालले आहेत आणि प्रत्येकाला यशाची 70 टक्के संधी आहे. ऐकायला चांगले वाटते. पण पाचांपैकी एक जरी धडपडला तरी पहारेकरी जागा होणार असेल, तर सगळे सुटण्याची शक्यता 17 टक्क्यांच्याही किंचित खालीच राहते. उलट हेच पाच जण लपलेले दार शोधताहेत आणि प्रत्येकाला 30 टक्केच संधी आहे असे धरा. एकाला सापडले तरी पुरते, म्हणून दार सापडण्याची शक्यता 83 टक्के. म्हणजे लपण्यात तरबेज असलेला गट पकडला जातो आणि शोधण्यात कच्च्या असलेल्या गटाला दार सापडते. फासे किती वेळा टाकायचे आणि कोणाचे यश मोजायचे, याने निकाल कौशल्याइतकाच ठरतो. पाचव्या आवृत्तीत यावर एक साधा नियम आहे: निदान निम्मे यशस्वी झाले तर सगळा गट यशस्वी. त्याच पाच जणांची लपण्याची शक्यता मग जवळपास 84 टक्क्यांवर जाते. पात्रांच्या कागदावरचा एकही आकडा बदललेला नसतो.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने तर मोजणीची ठेच प्रत्यक्षात खाल्ली. राजाचे मन वळवणे किंवा वाळवंट पार करणे असे लांबलचक प्रसंग तिने कौशल्यांच्या मालिकेने सोडवायचे ठरवले. सर्वांत सोप्या प्रसंगात दोन अपयशे येण्याआधी चार यशे मिळवायची. प्रत्येक दानाला 65 टक्के संधी असली, तरी अख्खा प्रसंग जिंकण्याची शक्यता 43 टक्केच येते. लवकरच दुरुस्ती आली, अपयशांची मर्यादा तीन झाली आणि आव्हानेही सोपी केली गेली. नुसत्या तिसऱ्या अपयशाच्या सवलतीनेच ती शक्यता 65 टक्क्यांपर्यंत चढते.

कौशल्य वाढवायचे कसे, याचे सर्वांत देखणे उत्तर 1978 च्या ‘रूनक्वेस्ट’चे आहे असे मला वाटते. जे कौशल्य वापरून यश मिळेल त्याच्यापुढे खूण करायची. साहस संपल्यावर शंभराचा फासा टाकायचा. दान सध्याच्या टक्केवारीहून मोठे पडले तरच कौशल्य वाढते. नवशिक्या भराभर शिकतो, उस्तादाला शेवटची प्रत्येक वाढ झगडून मिळते. रियाज केलेल्या कोणालाही हे पटेल. भिडूंनी मात्र यातही वाट काढली. खुणा मिळाव्यात म्हणून लढाईच्या मध्येच तलवार ठेवून भाला, भाला ठेवून कुऱ्हाड. वाढीचे बक्षीस जिथे ठेवाल तिकडे डाव वाकतो.

याच घराण्यातला, सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुल्हू’ 1981 चा. त्यात ग्रंथालयात संदर्भ शोधणे हे लढण्याइतकेच मोलाचे कौशल्य आहे, आणि पुस्तकात रमणाऱ्या भिडूला त्यामुळे प्रथमच मानाचे पान मिळाले. पण गूढकथेचा धागा जुन्या वर्तमानपत्रात दडलेला आहे आणि फासा उलटा पडला तर? कथा तिथेच खुंटते. रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ पद्धतीने, आणि तिच्यावर बेतलेल्या 2008 च्या ‘ट्रेल ऑफ कथुल्हू’ने, तो फासाच काढून टाकला. योग्य कौशल्याचा माणूस योग्य जागी पोचला की धागा मिळतो. त्या धाग्याचे करायचे काय, यावर डाव रंगतो.

आम्ही पाच जण शनिवारी खेळतो. आमच्यासाठी मी सह्याद्रीतल्या एका काल्पनिक गडाभोवती छोटा खेळ लिहितो आहे. पहिल्या यादीत 31 कौशल्ये झाली होती आणि ‘कडा चढणे’ सर्वांत वर होते. पहिल्याच डावात गडावर जन्मलेली गवळण, कागदावर ते नाव नाही म्हणून, पायथ्याशी थांबली आणि चढण्याचे कौशल्य घेतलेला परदेशी व्यापारी वर गेला. त्या रात्री मी ते नाव खोडले. आता कडा सगळेच चढतात. फासा पडतो तो पाठीवर ओझे असेल, पाऊस लागला असेल किंवा मागे कोणी लागले असेल तेव्हा. यादी बारावर आली आहे. ‘पोहणे’ अजून तिच्यात आहे, कारण आमच्या गडावर नदी नसल्याने त्याची कसोटी आजवर लागलेली नाही आणि कोणाला पोहता यावे यावर पाचही जणांचे अजून एकमत झालेले नाही. येत्या शनिवारी गोष्ट पायथ्याच्या डोहापाशी पोचते आहे.