तबकडी मोकळी, गाणं अडकलेलं

सकाळी साडेसात. वर्ध्याच्या मे महिन्यात लाखेच्या तबकड्यांचं काम उन्हं चढायच्या आत उरकलेलं बरं. उन्हात राहिली की तबकडी वाकते. खाचांतली धूळ मऊ ब्रशने काढायची. स्पिरिट मात्र चुकूनही लावायचं नाही, त्यात लाख विरघळते.

साडेआठ. आर्वीहून एक काका पिशवी घेऊन हजर. "आमच्या आबाजीची तबकडी हाय नं भाऊ, मंग गाणं आपलंच झालं!" नाही झालं. तबकडी आबाजींची, गाणं भलत्याचंच. आमच्यासारख्या ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला कायदा जतनासाठी डिजिटल प्रत करू देतो, पण मूळ वस्तू वाचनालयाकडे असेल तरच. म्हणून आधी देणगीची पावती, मग दाखल नोंदवही, मग सुई.

नऊ ते अकरा ध्वनिमुद्रण. जाड सुई, 78चा वेग, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. दिवसातला सोपा भाग हाच.

अकरानंतर मी गाणी ऐकत नाही, कोण कधी वारलं ते शोधतो. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते प्रसिद्ध झालं त्या वर्षानंतर 60 वर्षं. म्हणजे 1964ची तबकडी 2024 अखेर मोकळी. शब्दांची आणि चालीची मुदत वेगळी, ती कवी-संगीतकाराच्या निधनाच्या वर्षानंतर 60. गदिमा 1977 साली गेले, सुधीर फडके 2002 साली. त्यांच्या एखाद्या जुन्या गाण्याची तबकडी मोकळी झाली, तरी शब्द 2037 अखेरपर्यंत आणि चाल 2062 अखेरपर्यंत बांधलेली. (पूर्वी ही मुदत 50 होती. रवींद्रनाथांचं साहित्य मोकळं व्हायला आलं, तेव्हा 1992 साली 60 केली.)

आमच्या भागात जास्त येतात भजनं. तुकडोजी महाराज 1968 साली गेले, त्यांचे शब्द 2028 अखेर मोकळे होतील. पवनारला 1982 साली देह ठेवलेल्या विनोबांची 'गीताई' 2042 अखेर. हौशी मंडळाने फुकट श्रोत्यांसमोर म्हणायला हरकत नाही. तेच म्हणणं रेकॉर्ड करून बाजारात आणायचं, तर परवानगी लागते. मला हा फरक पटतो. साठ वर्षं मात्र फार वाटतात.

तीन वाजता काकांचा फोन: नातू अमेरिकेत आहे, इंटरनेटवर टाका की! तिकडचा हिशोब आणखी निराळा. 1940 साली निघालेली तबकडी इथे केव्हाच मोकळी, तिकडे 2040 अखेरपर्यंत नाही.

पाच. आबाजींच्या तबकडीवर गायकाचं नाव आहे, कवीचं नाही. अशा बेवारस गाण्यासाठी कायद्यात वाट आहे, पण अर्जाआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. आर्वीच्या भजनाचा वारस इंग्रजी पेपरात शोधायचा! जाहिरातीचा दर विचारला. तेवढ्यात आमची वर्षभराची मासिकं येतात.