पाणीपट्टीचा टप्पा कुठे ठेवायचा?

मालवण किनाऱ्यावर दरवर्षी भरपूर पाऊस पडतो. तरीही मे महिन्यात अनेक विहिरी तळ गाठतात आणि काहींचे पाणी मचूळ लागते. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार समुद्राकडे आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. नेमक्या याच महिन्यात चाकरमानी गावी येतात, निवास-न्याहरीच्या खोल्या पर्यटकांनी भरतात. पाणी सर्वांत कमी असते तेव्हाच मागणी सर्वांत जास्त असते.

मालवण शहराची तहान भागवणारा धामापूरचा तलाव १५३० सालचा. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पण तलाव जुना आणि नामांकित असला, तरी त्यातले पाणी मोजकेच. ते पुरवून वापरण्याचा एक उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढणारी पाणीपट्टी, अर्थात टेलिस्कोपिक दर. गरजेपुरते पाणी स्वस्त, त्यापुढचे महाग आणि चैनीचे आणखी महाग, असे हे सूत्र. सातारा जिल्ह्यातील मलकापूरने चोवीस तास पाणी देताना प्रत्येक नळजोडणीला मीटर बसवून हीच पद्धत स्वीकारली. मीटर नसेल तर टप्पे फक्त कागदावर राहतात. अर्धा इंची जोडणीला वर्षाची ठोक रक्कम आकारली, तर दोन बादल्या वापरणारा आणि बाग भिजवणारा सारखेच पैसे भरतो.

खरा पेच पहिला टप्पा कुठे संपवायचा, हा आहे. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर धरले आहेत. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठीचा मापदंड १३५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला पहिल्या हिशेबाने सव्वाआठ हजार, तर दुसऱ्याने सव्वावीस हजार लिटर लागतात.

समजा, महिन्याच्या पहिल्या दहा हजार लिटरला हजारी १० रुपये, पुढच्या दहा हजारांना १५ आणि त्यापुढे ३० रुपये दर ठेवला. माणशी रोज १०० लिटर वापरणाऱ्या पाच जणांच्या घराचा वापर १५ हजार लिटर आणि बिल १७५ रुपये, म्हणजे माणशी ३५. तितकेच काटकसरीने वागणाऱ्या बारा जणांच्या एकत्र कुटुंबाचा वापर ३६ हजार लिटर आणि बिल ७३० रुपये, म्हणजे माणशी जवळपास ६१. उधळपट्टी कोणीच केली नाही, पण दंड मोठ्या घराला बसला. मे महिन्यात मुंबईहून मुले-नातवंडे आली की तीच गत. मुंबई महापालिकेने म्हणूनच माणशी हिशेब धरला: दररोज १५० लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढे दुपटीपासून चौपटीपर्यंत.

उलट चूकही होते. पहिला टप्पा फार मोठा ठेवला तर पर्यटकांच्या पाच-सहा खोल्या चालवणारे घरही घरगुती दरातच बसते. अशा जोडण्या वेगळ्या मोजणे हाच त्यावरचा सरळ मार्ग.

दर फार चढे ठेवले तर काय होते, हे किनाऱ्यावर विशेष महत्त्वाचे आहे. नळाचे पाणी परवडेनासे झाले की ऐपत असलेला बोअरवेल मारतो. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घायबेन-हर्झबर्ग नियमानुसार समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी असते. उपशाने पातळी एक मीटर घटली की खारे पाणी सुमारे ४० मीटर वर सरकते. भेगाळ जांभ्यात हे गणित तंतोतंत बसत नाही, पण दिशा तीच. बोअर एकाचा असतो आणि मचूळ होते ती शेजाऱ्याची विहीर.

याचा भार शरीरावर पडतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि खारट पाण्यातून आलेले सोडियम ताटातल्या मिठात भर घालते. बांगलादेशच्या किनारी भागातील अभ्यासांत मचूळ पिण्याचे पाणी आणि गरोदर स्त्रियांचा वाढलेला रक्तदाब यांचा संबंध आढळला आहे. ज्याच्याकडे बोअर नाही आणि टँकरला पैसेही नाहीत, त्याच घराला हे पाणी प्यावे लागते.

त्यामुळे दर ठरवताना जमाखर्च जुळवणे पुरेसे नाही. पहिला टप्पा माणसांच्या संख्येवर, व्यवसायाची जोडणी वेगळी, मीटर सर्वांना आणि बोअरवेलवरही नजर, या चार गोष्टी एकत्र आल्या तरच टप्पे न्यायाचे ठरतात. यातली एक जरी सुटली, तरी नळावर वाचलेले पाणी जमिनीखालून उपसले जाईल.