चोर परदेशात, पुरावाही परदेशात

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा कळले, 'डिजिटल अटके'ची भीती घालणाऱ्या फोनमुळे आजीचे पंचवीस हजार रुपये गेले होते. "पोलीस चोराला पकडत का नाहीत?" मी विचारले. बाबा म्हणाले, "फोन परदेशातून आला, सर्व्हरही तिकडेच."

अशा तपासात देशांनी एकमेकांना मदत करावी म्हणून २००१ मध्ये बुडापेस्ट करार झाला. भारत त्यात सामील झाला नाही. २४ डिसेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने नवा सायबर गुन्हेविरोधी करार स्वीकारला.

मग धोका कुठे आहे? ज्या गुन्ह्याला चार वर्षे किंवा अधिक कैद होऊ शकते, त्यासाठी एक देश दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉनिक पुरावा मागू शकतो. काही देशांत सरकारवर टीका करणे हाही असाच गुन्हा आहे. मग पत्रकाराचे खासगी संदेशही 'पुरावा' ठरू शकतात. करारात मानवी हक्कांचे कलम आहे, मदत नाकारण्याची मुभाही आहे. पण खासगीपणाचे रक्षण बरेचसे त्या त्या देशाच्या कायद्यावर सोपवले आहे.

इन्स्पेक्शनला आमचे लॉकर उघडले जाते, पण घरून आलेले पत्र कोणी वाचत नाही. आजीचा चोर सापडलाच पाहिजे. त्यासाठी सगळ्यांची पत्रे उघडायला नकोत.